तुमचं कोणी आहे का इथे?

एवढंच विचारलं होतं तिने. तामिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या जुन्या डॅनिश दफनभूमीत मी एका थडग्यावरची झिजलेली अक्षरं बोटाने चाचपत उभी होते. दुपार कलायला लागली होती, तरी दगड असा तापलेला की तळवा टेकवत नव्हता. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, त्यात तिच्या शेळ्या चरत होत्या आणि ती भिंतीच्या सावलीत बसून माझ्याकडे बघत होती. डोक्यावर पदर, दातांत काडी, नजर शांत. माझी मैत्रीण तामिळ. तिनेच मला तो प्रश्न मराठीत सांगितला. इथे डेन्मार्कहून माणसं येतात म्हणे, हातात कागद घेऊन, पणजोबांच्या पणजोबांचं थडगं शोधत. नाव सापडलं की कोणी फुलं ठेवतं, कोणी नुसतं बसून राहतं. मीही तशीच काही शोधत आले असेन, असं तिला वाटलं. मी मान हलवली. नाही, माझं कोणी नाही. त्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला, "मग कोणासाठी वाचताय?" उत्तराची वाट न बघता ती उठली आणि शेळ्यांना हाकारत फाटकाबाहेर निघून गेली.

मैत्रीण हसली आणि पुढे चालू लागली. मला मात्र त्या दुसऱ्या प्रश्नाने त्या दिवसापासून सोडलेलं नाही.

तरंगंबाडी हे काही गजबजलेलं ठिकाण नाही. पाँडिचेरीला जाणाऱ्यांची जी रीघ असते तिचा इथे मागमूस नाही. १७९२ मध्ये बांधलेल्या पांढऱ्या वेशीतून आत शिरलं की सरळ समुद्राकडे जाणारा किंग स्ट्रीट लागतो. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओसऱ्या असलेली बसकी घरं, मध्येच शाळा, मध्येच चर्च, आणि वर्गातून एका सुरात म्हटले जाणारे पाढे. शाळा सुटली की सायकलींचा थवा वेशीतून बाहेर पडतो आणि रस्ता पुन्हा ओस. वारा समुद्राचा असतो पण वास खाऱ्या पाण्याचा नसतो, वाळत घातलेल्या सुकटीचा असतो. कोकणात लहानपणीच्या सुट्ट्या घालवल्यामुळे त्या वासाने मला परकं वाटू दिलं नाही. रस्ता संपतो तिथे मोकळं मैदान आणि मैदानाच्या टोकाला डॅन्सबोर्गचा किल्ला. रंग मातकट गुलाबी, उंची बेताची. आपल्या जलदुर्गांची सवय असलेल्या डोळ्यांना तो किल्ल्यापेक्षा वखारच वाटतो, आणि मुळात तो होताही वखारीच्या रक्षणासाठीच. खाली कोठारं, स्वयंपाकघर, कैदखाना. वर गव्हर्नरची दालनं आणि प्रार्थनेची जागा. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभं राहिलं की समोर फक्त बंगालचा उपसागर, दुसरं काही नाही.

त्या खिडकीत उभं राहून मला सारखा आठवत होता तो एस्किल्ड अँडरसन काँग्सबाके. १६२० मध्ये ओवे गेडे नावाच्या डॅनिश दर्यासारंगाने तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार केला आणि हा किल्ला उभा राहिला. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहून पाठवलेलं पत्र आजही कोपनहेगनला जपून ठेवलेलं आहे. करार झाला, मिरीचा आणि कापडाचा व्यापार सुरू झाला, आणि मग युरोपातल्या लढायांत डेन्मार्कची दैना झाली. १६३९ नंतर तब्बल २९ वर्षं मायदेशाहून इकडे यायला एकही जहाज निघालं नाही. एकेक माणूस तापाने, हगवणीने गेला. १६५५ च्या सुमारास किल्ल्यात डेन असा एकच उरला, हा काँग्सबाके. सामान्य घरातला, शिक्षण बेताचं. त्याने स्थानिक माणसं हाताशी धरून किल्ला सांभाळला, समुद्रावर लूटमार केली, गावाभोवती तट बांधला आणि मदतीसाठी पत्रांमागून पत्रं पाठवत राहिला. १६६९ मध्ये अखेर जहाज आलं तेव्हा झेंडा जागेवर होता. त्याची लूटमार मला विसरता येत नाही, पण रोज सकाळी त्या रिकाम्या पाण्याकडे बघणारा माणूसही नजरेआड होत नाही. त्याच्यासोबत पहाऱ्याला उभे राहिलेले, त्याला जेवू घालणारे, त्याच्या तटाचे दगड वाहणारे तामिळ हात किती असतील. त्यांची नावं दफनभूमीत कोरलेली नाहीत.

किंग स्ट्रीटवर न्यू जेरुसलेम चर्च आहे, १७१८ मधलं. आत बार्थोलोमेयस झीगेनबाल्ग या मिशनऱ्याची कबर आहे. मी खरं म्हणजे त्याच्यासाठी आले होते, आणि ते का, हे सांगायचं तर मला मिरजेला जावं लागेल, माझ्या आजोबांच्या छापखान्यात. त्यांचा म्हणजे ते जिथे नोकरीला होते तो. ते खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. भिंतीला टेकवलेल्या लाकडी केशी, त्यांतल्या लहान-लहान घरांत शिशाची अक्षरं, आणि आजोबांच्या डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक. उजवा हात न बघता त्या त्या घरात जायचा आणि अक्षर उचलून आणायचा. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळी उलटी. ती उलटी ओळ ते आपल्याला सुलट दिसावी इतक्या सहज वाचायचे. संध्याकाळी घरी आले की रॉकेलचा आणि शाईचा वास त्यांच्यासोबत यायचा. साबणाने घासलं तरी नखांच्या कडा काळ्याच राहत. मी त्यांच्या मांडीवर बसून ती नखं मोजत असे. पुढे ऑफसेट आलं, संगणक आला, केशी भंगारात गेल्या. शिसं वजनावर विकलं गेलं तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नव्हते, असं आई सांगते.

तर हा झीगेनबाल्ग. ९ जुलै १७०६ ला हाइनरिख प्ल्युट्शाउ या सोबत्याबरोबर तो तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा होता. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला, पण स्वतः जर्मन. इथल्या डॅनिश अधिकाऱ्यांना तो नकोच होता. त्याने काय करावं? गावातल्या पंतोजींकडे मुलांच्या रांगेत बसून वाळूत बोटाने तामिळ अक्षरं गिरवायला सुरुवात केली. काही वर्षांत तो तामिळमध्ये लिहू-बोलू लागला, ताडपत्रांवरचे ग्रंथ जमवू लागला, त्यांची टिपणं करू लागला. मग छापखाना आला. जर्मनीतल्या हॅले शहरातून पाठवलेले तामिळ खिळे इतके मोठे निघाले की त्यांवर पुस्तक छापायला कागद पुरेना. म्हणून इथेच, शेजारच्या पोरैयार गावात, लहान खिळे ओतायची सोय झाली, कागद करायची गिरणीही उभी राहिली. १७१५ मध्ये बायबलमधला नवा करार तामिळमध्ये छापून पूर्ण झाला. १७१९ मध्ये झीगेनबाल्ग वारला, वय ३६.

त्याच्या राहत्या घरात आता संग्रहालय आहे. तिथे छपाईयंत्रापाशी मी बराच वेळ थांबले. शाईचा वास खरंच आला, की आलाय असं मला नुसतं वाटलं, कोण जाणे. पोरैयारमध्ये शिसं वितळवून साच्यात ओतणारा, गार झालेला खिळा कानशीने घासून सारखा करणारा तो पहिला कारागीर कोण असेल? जर्मनीहून आलेल्या माणसाने दाखवलं असेल, पण हातोटी कोणा तरी इथल्याच ओतारी-सोनाराची असणार, असं माझं मन सांगतं. गोल वळणांची ती तामिळ अक्षरं उलटी कोरताना त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आजोबा असते तर मी त्यांना इथे आणलं असतं. त्यांनी हात मागे बांधून सगळं निरखलं असतं, आणि मग हळूच बोट पुढे करून खिळ्याची धार बघितली असती.

पण हे सगळं इतकं गोडही नाही, आणि तसं रंगवून मला ते लिहायचं नाही. झीगेनबाल्ग धर्म बदलायला आला होता. छापखाना त्यासाठीच होता. मे १७०७ मध्ये ज्या पाच जणांना इथे पहिल्यांदा बाप्तिस्मा दिला गेला ते डॅनिश घरांतले गुलाम होते. त्यांना 'नाही' म्हणायची मोकळीक कितपत असेल, हा विचार चर्चच्या बाकावर बसल्या बसल्या मला टोचत राहिला. आणि त्याच वेळी हेही खरं, की गावातल्या गरिबांची बाजू घेतल्याबद्दल डॅनिश गव्हर्नरने त्याला चार महिने याच डॅन्सबोर्गच्या कोठडीत डांबलं होतं. हेही खरं, की इथल्या लोकांच्या देवदेवतांबद्दल त्याने जे मोठं पुस्तक लिहून हॅलेला पाठवलं, ते तिथल्या वरिष्ठांनी छापलंच नाही. मिशनरी मूर्तिपूजा उखडायला पाठवलेत, तिची माहिती युरोपात पसरवायला नाही, असं त्यांचं म्हणणं. ते हस्तलिखित १८६७ मध्ये मद्रासला छापलं गेलं, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. उखडायला आलेला माणूस शिकत शिकत इतका गुंतला की त्याच्याच माणसांना त्याची भीती वाटू लागली. मला त्याच्याबद्दल राग आणि जिव्हाळा दोन्ही वाटतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याला खोडून काढत नाही.

किल्ल्याच्या उत्तरेला अगदी पाण्याला लागून मासिलामणिनाथाचं देऊळ आहे. १३०६ मधलं, मारवर्मन कुलशेखर पांड्याच्या काळातलं, म्हणजे किल्ल्याहून तीनशेवर वर्षांनी जुनं. पुढचा बराचसा भाग समुद्राने नेला. आता उरलेल्याची डागडुजी करून, पुढे मोठमोठे काळे दगड टाकून ते जपलंय. लाटा त्या दगडांवर फुटतात आणि तुषार थेट देवळाच्या भिंतीपर्यंत येतात. आम्ही पोचलो तेव्हा दगडांवर बसून दोन पोरं गळ टाकून बसली होती. त्यांच्यामागे जाळी पसरलेली, एक म्हातारा तुटलेले फासे विणत होता. मैत्रिणीने त्याला काही विचारलं. तो विणता विणताच बोलत राहिला. त्याचा आवाज जराही बदलला नाही, तिचा चेहरा मात्र बदलत गेला. नंतर तिने मला सांगितलं की ती फक्त 'वस्ती आधी कुठे होती' एवढंच विचारायला गेली होती.

२६ डिसेंबर २००४. नाताळचा दुसरा दिवस, रविवार, त्सुनामी. तेव्हा तरंगंबाडी नागपट्टिनम जिल्ह्यात होतं आणि त्या एका जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसं गेली. कोळीवाडा पाण्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून सगळ्यात आधी तोच. किल्ला मात्र तगला. पुढे वस्त्या आत हलवल्या, नवी घरं आली, सिमेंटची, ओळीने. ज्यांचा समुद्र हेच शेत, त्यांना त्यापासून लांब नेऊन ठेवायचं म्हणजे काय, हे रोज पहाटे होडीपर्यंत चालत जाणाऱ्यालाच ठाऊक. गेलेल्यांतल्या कित्येकांना एकाच खड्ड्यात पुरावं लागलं होतं, नाव विचारायलाही कोणाला सवड नव्हती. इकडे तीनशे वर्षांपूर्वीच्या थडग्यावरचं नाव वाचता यावं म्हणून दगड घासून स्वच्छ करणारी माणसं आहेत, दूरदेशाहून येणारा पैसा आहे. गव्हर्नरच्या बंगल्याचं कामही डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने किती निगुतीने केलंय. मला ते काम आवडलं, मनापासून आवडलं. जुन्या चुन्याच्या भिंतीला पुन्हा चुनाच लावायला समज लागते. पण किल्ल्यातल्या काचेच्या कपाटांत चिनी मातीच्या बश्यांचे तुकडे बघताना त्या शेळ्यावाल्या बाईचा चेहरा समोर आला. तिचं कोण असेल इथे? मला विचारण्याआधी तिने हा प्रश्न स्वतःला किती वेळा विचारला असेल?

ते तिला विचारायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी विचारलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तंजावरला गेलो. मराठी माणूस तंजावरला जातो तो बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेलं भोसल्यांचं चरित्र बघायला आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीची बाडं बघायला. मीही ते सगळं बघितलं, ऊर भरून आला. पण तरंगंबाडीहून आल्यामुळे मला एक धागा दिसत होता जो एरवी दिसला नसता. डेन लोक त्या किनाऱ्याचं वार्षिक भाडं तंजावरच्या गादीला देत. करारातला आकडा ३,१११ रुपयांचा. नायकांची गादी शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्याकडे आली तेव्हा भाडं मागणारे आपले झाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे यांच्या फौजेने तरंगंबाडीला वेढाही घातला होता. म्हणजे काँग्सबाकेने बांधलेल्या तटाबाहेर मराठी बोलणारे सैनिक तळ ठोकून होते, त्याच वाळूत, त्याच सुकटीच्या वासात.

पुढच्या शतकात हेच नातं वेगळ्या वळणावर आलं. १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरलेला ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा पाद्री पुढे तंजावरला स्थायिक झाला. तामिळ तर तो शिकलाच, दरबाराशी बोलता यावं म्हणून मराठीही शिकला. लढाईच्या धामधुमीत तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपलं तेव्हा शेतकरी राजाच्या शब्दावर धान्य आणायला तयार नव्हते, श्वार्ट्झच्या शब्दावर घेऊन आले. १७८७ मध्ये तुळजाजीराजांनी मरताना आपला दत्तक मुलगा, दहा वर्षांचा सरफोजी, त्याच्या ओटीत घातला. भाऊबंदकीत त्या मुलाचं काय झालं असतं कोण जाणे. श्वार्ट्झने त्याला जपलं, मद्रासला पाठवून शिकवलं, त्याच्या हक्कासाठी इंग्रजांशी पत्रव्यवहार केला. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ गेला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. सरफोजीराजांनी धर्म बदलला नाही, तो प्रश्नच त्या दोघांत कधी आडवा आला नसावा असं दिसतं. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलेलं संगमरवरी शिल्प आहे. खाटेवर पडलेला म्हातारा श्वार्ट्झ, आणि त्याचा हात हातात घेऊन उभा असलेला पगडीतला मराठी राजा. पायथ्याशी शाळेतली पोरं. मी त्या शिल्पासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या शेजारी चर्च झाडणारा माणूस केरसुणी टेकून थांबला आणि हाताने राजाकडे बोट दाखवून माझ्याकडे बघून हसला. मी कुठून आलेय हे त्याला मैत्रिणीने सांगितलं असणार.

याच सरफोजीराजांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला. १८०६ मध्ये तिथून इसापाच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या, 'बालबोध मुक्तावली' या नावाने. पुण्या-मुंबईत मराठी पुस्तक छापलं जायला अजून अवकाश होता. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १८०५ मध्ये, तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं होतं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. ते श्रीरामपूरही डॅनिशच. इंग्रज कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा देईना, म्हणून केरी डॅनिश झेंड्याखाली जाऊन राहिला होता. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही एकत्रच साडेबारा लाखांना इंग्रजांना विकली. व्यवहार म्हणून बघितलं तर सव्वादोनशे वर्षांचा हा आतबट्ट्याचा धंदा. पण मराठी छपाईचे सुरुवातीचे खिळे जिथे जुळले त्या दोन्ही जागांच्या मागे ही किरकोळ, कर्जात बुडालेली, जहाजाची वाट बघणारी वसाहत उभी आहे. श्रीरामपूरच्या मागे थेट, तंजावरच्या मागे तिच्या वळचणीला वाढलेल्या माणसांमुळे. आजोबांना हे कळलं असतं तर? त्यांच्या केशीतला 'क' कुठून कुठून चालत मिरजेला आला ते?

म्हणून आता त्या बाईला उत्तर द्यायचं झालं तर मी 'नाही' म्हणणार नाही. रक्ताचं कोणी नाही. पण वेढा घालणारे आहेत, भाडं मोजून घेणारे आहेत, एका पाद्र्याने मोठा केलेला राजा आहे. आणि पोरैयारचा तो बिननावाचा ओतारी माझ्या आजोबांच्या जातकुळीचा आहे, कामाच्या नात्याने. 'मग कोणासाठी वाचताय' याचं उत्तर अजून पुरतं जमत नाही. थडग्यांवर नाव असलेल्यांसाठी तर वाचत होतेच, पण त्याहून जास्त, ज्यांच्यासाठी कोणी दगड लावला नाही त्यांची खूण त्या दगडांच्या आसपास कुठे मिळते का ते बघत होते. हे मी मैत्रिणीला म्हटलं, तर ती म्हणाली, "मग त्यांच्यासाठी तुला कोळीवाड्यात जावं लागेल, दफनभूमीत नाही. आणि त्यासाठी आधी तामिळ शिक." तिचं बरोबर आहे. घरी आल्यावर मी तामिळ मुळाक्षरांची वही आणली आहे, आणि रोज रात्री थोडी गिरवते.

आपल्याकडून तंजावरला जाणाऱ्या सहलींच्या गाड्या बृहदीश्वर, राजवाडा आणि ग्रंथालय बघून मदुराईची नाहीतर रामेश्वरची वाट धरतात. त्यांनी एक दिवस समुद्राकडे वळावं असं मला फार वाटतं. मायलादुथुरैहून तरंगंबाडीला पूर्वी रेल्वे होती, १९८६ मध्ये ती बंद झाली, पण बस मिळते आणि वाट भातखाचरांमधून जाते. गेलात तर किल्ला सकाळी बघून घ्या, आणि दुपारी पोरैयारपर्यंत चालत जा. तिथे बघण्यासारखं म्हणून कोणी काही दाखवणार नाही. तरीही जा.